घरातल्या रोपांचा दिवा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

मृगाचा पाऊस पडला की कोल्हापुरात गच्चीवरच्या कुंड्यांची माती हलवली जाते आणि मिरची, टोमॅटो, वांग्याचं बी कोकोपीट भरलेल्या प्रो-ट्रेत पेरलं जातं. बी उगवतंही छान. अडचण येते ती नंतर. जून ते ऑगस्ट आपल्याकडे आभाळ दिवसचे दिवस उघडत नाही. ट्रे बाहेर ठेवला तर सरींच्या माऱ्याने कोकोपीट वाहून जातं आणि उरलेली रोपं मर रोगाने बसतात. ट्रे घरात आणला तर आठवडाभरातच देठ चार बोटं लांब, पांढुरका आणि काटकुळा होतो, आणि दोन दलपानांचा भारही न पेलून रोप आडवं होतं.

या अडचणीला स्वस्त उत्तर आहे. घरी वापरतो तीच पांढरी एलईडी ट्यूब, रोपांच्या अगदी जवळ आणि पुरेसा वेळ लावायची. पण या साध्या गोष्टीभोवती इतके गैरसमज जमले आहेत की काही जण हजारो रुपयांचा जांभळा दिवा मागवतात, तर काही जण ‘हे आपलं काम नाही’ म्हणून सोडून देतात. दोन्हींची गरज नाही.

गैरसमज १: खोलीत लख्ख उजेड आहे, रोपांना तेवढा पुरे.

वस्तुस्थिती: आपले डोळे या बाबतीत भरवशाचे नाहीत. उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, नजर सरावते आणि खोली आपल्याला उजळच वाटते. निरभ्र दुपारी उन्हात सुमारे एक लाख लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) प्रकाश असतो. दाट ढगांच्या दिवशी तो दहा-पंधरा हजारांवर किंवा त्याहूनही खाली येतो. पावसाळी दिवशी खिडकीपासून चार-पाच फूट आत मोजला तर काही शे लक्ससुद्धा मुश्किलीने भरतात. पेठांतल्या बोळात समोरची भिंत हाताच्या अंतरावर असेल तर आणखी कमी.

टोमॅटो-मिरचीच्या रोपांना घरात चौदा ते सोळा तास सुमारे दहा हजार लक्स पांढरा प्रकाश मिळाला तर ती ठेंगणी आणि जाड देठाची होतात. बहुतेक मोबाइलवर लक्स मोजणारं मोफत अॅप चालतं. आकडा ढोबळ मिळतो, पण पाचशे आणि दहा हजार यांतला फरक कळायला तेवढं पुष्कळ झालं.

गैरसमज २: शेतात रात्री बल्ब लावून पीक घेतात, मग घरात एक बल्ब का पुरत नाही?

वस्तुस्थिती: शेवंतीच्या किंवा ड्रॅगन फ्रूटच्या मळ्यात रात्री पेटलेल्या दिव्यांच्या रांगा अनेकांनी पाहिल्या असतील. ते दिवे पिकाला अन्न देत नाहीत, ते पिकाला दिवस-रात्रीची लांबी सांगतात. शेवंती रात्र मोठी झाली की कळी धरते. रात्रीच्या मध्यावर काही तास उजेड पाडला की रात्र लहान आहे असं समजून झाड कळीऐवजी फांद्या-पानांत वाढतं, आणि शेतकऱ्याला हव्या त्या वेळी फूल मिळतं. ड्रॅगन फ्रूटचं उलट. ते मोठ्या दिवसांत फुलतं, म्हणून हिवाळ्यात दिवे लावून त्याला बिगरहंगामी बहर आणता येतो. या इशाऱ्यासाठी मंद उजेडही चालतो, कारण पोटापाण्याचं काम दिवसा ऊन करत असतं. घरातल्या ट्रेला ते ऊन नसतं. तिथे दिव्यालाच अन्न तयार करून द्यायचं असतं, आणि त्यासाठी कितीतरी पट जास्त प्रकाश लागतो.

गैरसमज ३: रोपांना खास लाल-निळा, जांभळा दिसणारा दिवाच लागतो.

वस्तुस्थिती: या समजाचं मूळ शाळेतल्या पुस्तकात आहे. हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषतं, हिरवा परतवतं, म्हणून पान हिरवं दिसतं, असं आपण शिकलो. नळीत वेगळं काढलेल्या हरितद्रव्याबाबत ते बऱ्यापैकी खरंही आहे. जिवंत पानात मात्र हिरवा किरण पेशींमध्ये पुन्हा पुन्हा आपटतो आणि त्याचा मोठा भाग अखेर शोषला जातो. अमेरिकेतील टेक्सासच्या कीथ मॅक्री यांनी २२ पिकांच्या पानांवर रंगवार मोजमाप करून १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. लाल प्रकाश सर्वांत कामाचा ठरला, पण हिरवाही वाया जात नाही हे त्यातून स्पष्ट झालं.

मग जांभळे दिवे आले कुठून? एलईडीवर वनस्पती वाढवण्याचे सुरुवातीचे प्रयोग अवकाश संशोधनासाठी झाले. तेव्हा लाल एलईडी सहज मिळत होते. तेजस्वी निळा एलईडी १९९३ च्या सुमारास हाती आला, आणि लाल-निळ्याच्या जोडीचा उजेड जांभळा दिसतो. या निळ्या एलईडीसाठीच अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आज घरात लावतो ती पांढरी ट्यूब आतून निळीच असते. निळ्या चिपवर पिवळसर फॉस्फरचा थर देऊन तिचा प्रकाश पांढरा केलेला असतो. म्हणजे रोपाला लागणारा निळा, हिरवा आणि लाल असा सगळा प्रकाश त्यात आहे.

याचा पुरावा आपल्या उसातच आहे. पुण्याजवळ मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत उसाची ऊतिसंवर्धित रोपं तयार होतात. अशा प्रयोगशाळांत बाटल्यांमधली रोपं वर्षानुवर्षं पांढऱ्या ट्यूबच्या उजेडातच वाढवली गेली. इथे एक फरक मात्र ध्यानात ठेवायला हवा. बाटलीतल्या रोपाला खालच्या माध्यमातून साखर मिळते, म्हणून त्याचं दोन-तीन हजार लक्सवर भागतं. आपल्या ट्रेतल्या रोपाला साखर कोणी देत नाही, त्याला ती पानातच बनवावी लागते. रंग तोच चालतो, प्रमाण वाढवावं लागतं.

जांभळ्या उजेडाची एक अडचण तर रोजची आहे. त्यात पान पिवळं पडलंय की हिरवं आहे, पानाखाली मावा आहे की नाही, काहीच नीट दिसत नाही. पांढऱ्या उजेडात रोपाची तब्येत एका नजरेत कळते.

गैरसमज ४: पेटीवर जितके जास्त वॅट, तितका दिवा चांगला.

वस्तुस्थिती: ऑनलाइन मिळणाऱ्या काही दिव्यांच्या नावात ‘१००० वॅट’ असतं, पण प्रत्यक्षात ते त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकीच वीज घेतात. वॅट म्हणजे खाल्लेली वीज, दिलेला प्रकाश नव्हे. पांढरी ट्यूब घेताना लुमेनचा, म्हणजे दिलेल्या प्रकाशाचा, आकडा पाहावा. २० वॅटची चार फुटी एलईडी ट्यूब साधारण २००० लुमेन देते. जुना पिवळा बल्ब इथे उपयोगाचा नाही, कारण त्याची बहुतेक वीज उष्णतेतच जाते.

एलईडीच्या स्वस्ताईचं श्रेय मोठ्या प्रमाणावर झालेल्या सरकारी खरेदीलाही आहे. ५ जानेवारी २०१५ ला सुरू झालेल्या ‘उजाला’ योजनेच्या आगेमागे एलईडी बल्बचा खरेदी दर सुमारे ३१० रुपयांवरून काही वर्षांतच ३८ रुपयांपर्यंत उतरला. पंधरा वर्षांपूर्वी ही मांडणी घरगुती बागेला परवडली नसती, आज परवडते.

गैरसमज ५: दिवा उंच टांगावा, म्हणजे सगळ्यांवर पडेल आणि पानं भाजणार नाहीत.

वस्तुस्थिती: सर्वांत जास्त रोपं याच चुकीने लांबतात. छताची ट्यूब खोलीभर पसरते, ट्रेपर्यंत तिचा जेमतेम अंश पोचतो. घरगुती एलईडी ट्यूब फार तापत नाही, त्यामुळे ती शेंड्यांपासून चार ते सहा इंचांवर ठेवता येते, आणि ठेवायलाच हवी.

प्रत्यक्ष मांडणी अशी करावी. चार फूट लांब, एक फूट रुंद असा लोखंडी मांडणीचा एक कप्पा घ्या. घरात नसेल तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात अँगलची साधी चौकट कोणीही करून देतो. त्या कप्प्यात प्रो-ट्रे लांबीला लांबी लावून दोन बसतात. वर एका फळीवर २० वॅटच्या तीन ट्यूब समांतर, तीन-साडेतीन इंचांच्या अंतराने बसवा. फळी दोन साखळ्यांना टांगा, म्हणजे रोपं वाढतील तशी एकेक कडी वर घेता येते. तिन्ही बाजूंना जुन्या डिजिटल फलकाचा फ्लेक्स पांढरी बाजू आत करून लावा. बाहेर सांडणारा बराच प्रकाश तो ट्रेवर परत पाठवतो, आणि आपल्या शहरात जुन्या फ्लेक्सला तोटा नाही. एवढ्यात ट्रेवर दहा हजार लक्सच्या आसपास भरतात. मांडणी घरची असेल तर ट्यूब, साखळी, वायर आणि टायमर मिळून खर्च साधारण दोन हजारांच्या आत बसतो.

विजेच्या जोडणीत मात्र काटकसर नको. जोड उघडे ठेवू नयेत, बोर्ड ट्रेच्या वरच्या बाजूला असावा आणि वायर बोर्डात शिरण्याआधी खाली झुकलेली असावी, म्हणजे तिच्यावरून पाणी ओघळून आत जाणार नाही. घरात गळती प्रवाह तोडणारा स्विच नसेल तर वायरमनकडून बसवून घ्यावा. पाणी देताना दिवे बंद ठेवावेत.

गैरसमज ६: बी पेरल्या दिवसापासून दिवा हवा.

वस्तुस्थिती: मिरची, टोमॅटो, वांगी यांच्या बियांना उगवायला उजेड लागत नाही. त्यांना ऊब आणि ओल लागते. रोपवाटिकेत पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकच्या कागदाने झाकून ठेवतात ते यासाठीच. खरी घाई उगवल्यानंतर असते. पहिला कोंब वर दिसला की त्याच दिवशी ट्रे दिव्याखाली न्यावा. अंधारात लांबलेला देठ पुढे कितीही उजेड दिला तरी आखूड होत नाही.

गैरसमज ७: चोवीस तास दिवा ठेवला तर रोप दुप्पट वाढेल.

वस्तुस्थिती: रोपाचं दिवसाचं गणित घागर भरण्यासारखं आहे. धार बारीक असेल तर नळ जास्त वेळ सोडावा लागतो. म्हणून ऊन बारा तास असलं तरी दिवा चौदा ते सोळा तास ठेवतात. पण घागर भरून वाहू लागली की पुढचं पाणी वाया जातं. इथे तर नुकसानही होतं. अखंड उजेडात टोमॅटो आणि वांग्याची पानं फिकट पडतात, त्यांवर पिवळे डाग येतात. पहाटे पाचला सुरू आणि रात्री नऊला बंद असा टायमर लावला की रोज आठवण ठेवावी लागत नाही.

गैरसमज ८: वीजबिल परवडणार नाही.

वस्तुस्थिती: तीन ट्यूब म्हणजे ६० वॅट. सोळा तासांना दिवसाला एक युनिटही पुरतं जळत नाही. महिन्याला सुमारे २९ युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी २९० रुपये. टोमॅटोचं रोप साधारण २५ दिवसांत, मिरचीचं ३५ ते ४० दिवसांत लावणीला येतं, म्हणजे खर्च महिना-सव्वा महिन्यापुरताच.

गैरसमज ९: दिवा लावला, आता रोपांना काही होत नाही.

वस्तुस्थिती: पावसाळ्यात घरातली रोपं उजेडाअभावी जितकी जातात, तितकीच जास्तीच्या पाण्याने जातात. हवेतच इतका दमटपणा असतो की कोकोपीट दोन-दोन दिवस वाळत नाही. सतत ओलं राहिलं की बुरशी देठाला जमिनीलगत धरते, तिथे तो तपकिरी आणि बारीक होतो आणि सकाळी हिरवं दिसणारं रोप संध्याकाळी कोलमडतं. त्यामुळे कोकोपीट वरून सुकलेलं दिसल्यावरच पाणी द्यावं, तेही ट्रे परातीत ठेवून खालून.

बंद खोलीत वारा नसतो, हेही लक्षात घ्यावं. वाऱ्याने हलणारं रोप देठ जाड करतं. लांबून मंद पंखा लावावा किंवा रोज शेंड्यांवरून तळहात हलकेच दहा-बारा वेळा फिरवावा. फुकटचा उपाय आहे आणि आठ दिवसांत फरक दिसतो.

गैरसमज १०: दिव्याखाली धट्टंकट्टं झालेलं रोप थेट गच्चीवर लावता येतं.

वस्तुस्थिती: दहा हजार लक्समध्ये वाढलेलं पान एक लाख लक्सच्या उन्हात ठेवलं तर पांढरं पडून करपतं. ऑगस्टमध्ये अचानक उघडीप पडली की हे हमखास घडतं. लावणीआधी आठवडाभर रोपांना बाहेरची सवय लावावी. पहिले दोन दिवस सावलीत, मग सकाळचं कोवळं ऊन तासभर, मग दोन तास, आणि शेवटी दिवसभर. याच काळात पाणीही थोडं कमी करावं.

जुलैच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पेरलेलं टोमॅटोचं रोप असं तयार केलं तर ऑगस्टअखेर कुंडीत जातं आणि दिवाळीच्या सुमारास फळ देतं. पाऊस थांबायची वाट पाहून पेरलेलं बी तेव्हा कुठे लावणीला येत असतं. ऑक्टोबरनंतर आपल्याकडे ऊन भरपूर असतं. तेव्हा मांडणी आवरावी आणि त्याच ट्यूब स्वयंपाकघरात वापराव्यात. दिव्याने उन्हाची जागा घ्यायची नाही, ढगांचे दोन-अडीच महिने फक्त निभावून न्यायचे आहेत.

यंदा बी पेरण्याआधी एक काम करा. जिथे ट्रे ठेवणार आहात तिथे मोबाइल ठेवून भर दुपारी लक्स मोजा. दिवा लागेल की नाही, लागला तर किती, याचं उत्तर तो आकडाच देईल. त्यासाठी कोणत्याही जाहिरातीवर विश्वास ठेवावा लागणार नाही.