शल्यविशारदाचा वेळ आणि रुग्णालयाची घडी

खेड्यातील एखाद्या वृद्धाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आणि त्याला हळूहळू दिसेनासे होते. अर्ध्या तासाहूनही कमी वेळात होणारी शस्त्रक्रिया त्याची दृष्टी परत देऊ शकते; तरीही तो वर्षानुवर्षे अंधारात राहतो. डॉक्टर कमी आहेत, निधी अपुरा आहे, ही कारणे आपण नेहमी ऐकतो आणि ती खोटी नाहीत. परंतु जे डॉक्टर आहेत त्यांचा वेळ कशात खर्ची पडतो, हे सहसा कोणी विचारीत नाही. एका तालुक्याच्या रुग्णालयात प्रस्तुत लेखकाने पाहिले की, शस्त्रक्रियेस सज्ज असलेले डॉक्टर तासभर नुसते बसून होते. कारण निर्जंतुक चादरींच्या कपाटाची किल्ली ज्या कर्मचाऱ्याजवळ होती, तो त्या दिवशी रजेवर होता.

तामिळनाडूतील मदुराई येथील अरविंद नेत्ररुग्णालयाने नेमका हाच प्रश्न हाती घेतला. शासकीय सेवेतून वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांनिशी ते सुरू केले. संधिवाताने बोटे वाकडी झालेली असतानाही हजारो शस्त्रक्रिया करणाऱ्या या गृहस्थांना वेळेचे मोल निराळे सांगावे लागले नसेल.

तेथील शस्त्रक्रियागृहात एका शल्यविशारदासाठी दोन टेबले असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढील रुग्णाची पूर्वतयारी परिचारिका पूर्ण करतात. पहिले काम संपताच डॉक्टर सूक्ष्मदर्शक वळवून दुसऱ्या रुग्णाकडे वळतात. दृष्टी तपासणे, चष्म्याचा नंबर काढणे, रुग्णाची समजूत घालणे ही कामे ग्रामीण भागातून निवडून दोन वर्षे प्रशिक्षण दिलेल्या मुली करतात. डॉक्टरांकडे उरते ते निदान आणि शस्त्रक्रिया. त्यामुळे तेथील एक शल्यविशारद वर्षाकाठी सुमारे २,००० शस्त्रक्रिया करू शकतो. अन्यत्र हा आकडा काही शेकड्यांच्या घरात असतो.

एवढ्या वेगात दर्जा ढासळत नाही काय, ही शंका रास्त आहे. तिचे उत्तर नोंदवहीत सापडते. शस्त्रक्रियेत उद्भवलेली गुंतागुंत डॉक्टरनिहाय नोंदली जाते आणि तिचा नियमित आढावा घेतला जातो. आपल्या चुकांचा हिशेब सहकाऱ्यांसमोर मांडणे कोणालाही सुखावह नसते. ही प्रथा रुजवणे दुसरे टेबल विकत घेण्याहून कितीतरी कठीण असावे.

शुल्क देणाऱ्या रुग्णांच्या उत्पन्नातून मोफत व सवलतीच्या शस्त्रक्रियांचा भार उचलला जातो. दोन्ही प्रकारच्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर मात्र तेच असतात. परदेशी कृत्रिम भिंगे महाग पडत, म्हणून १९९२ मध्ये 'ऑरोलॅब' ही संस्था स्थापून ती येथेच बनविण्यास प्रारंभ झाला आणि त्यांची किंमत मूळ किमतीच्या अल्पांशावर आली.

सेवा मोफत असूनही शिबिरात निवडलेले कित्येक रुग्ण रुग्णालयात येतच नसत. प्रवासभाडे, जेवण, सोबतीला येणाऱ्या नातलगाची बुडणारी मजुरी या अडचणी होत्या. मग शिबिराच्या गावाहूनच बसने रुग्णांना नेण्याची आणि त्यांच्या राहण्याजेवणाची सोय करण्यात आली.

अर्थात ही घडी सर्वत्र जशीच्या तशी बसणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया बव्हंशी एकसारखी असते व तिची वेळ आधी ठरविता येते. अपघात विभागात वा प्रसूतिगृहात रुग्ण वेळ ठरवून येत नाहीत. तेथे माणसे व खाटा काही प्रमाणात रिकाम्या राखाव्याच लागतात, आणि त्यास उधळपट्टी म्हणणे चुकीचे ठरेल. मात्र कोणते काम डॉक्टरनेच करावयाचे आणि कोणते दुसऱ्यावर सोपवावयाचे, हे तेथेही ठरविता येते. अन्य रुग्णालयांना हे शास्त्र शिकविण्यासाठी अरविंदने मदुराईत स्वतंत्र संस्था उभारली असून, तेथे डॉक्टरांबरोबर रुग्णालयांचे व्यवस्थापकही प्रशिक्षणास येतात. कपाटाच्या किल्लीचा प्रश्न त्यांच्याच अखत्यारीतला आहे.