सातबाऱ्यात न मावलेली शेती

नवी मुंबईतले महापे म्हटले की आज कारखाने, डेटा सेंटर आणि मिलेनियम बिझनेस पार्क आठवते. पण पारसिकचा डोंगर आणि ठाण्याची खाडी यांच्यामधल्या या चिंचोळ्या पट्टीत पिढ्यान् पिढ्या आगरी कुटुंबे भात पिकवून जगली. जमिनीचे तुकडे लहान, पीक बहुधा पावसाळ्याचे एकच. तरी घर चालत असे, कारण ते एकट्या शेतावर चालत नव्हते. अल्पभूधारकाचे खरे शेत बांधाच्या पलीकडेही पसरलेले असते. हे न मोजल्यामुळे त्याच्या नुकसानीचा हिशेबच चुकला.

वर्षभराचे ताट पाहिले की हे पटते. उन्हाळ्यात रोपवाटिकेच्या जागेवर पालापाचोळा, टहाळ आणि शेण अंथरून राब भाजला जाई. त्यातला टहाळ डोंगरातून येई. खाडीलगतच्या खाऱ्या जमिनीत बांध आणि उघाडीने (पाणी सोडण्या-अडवण्याच्या दाराने) भरतीचे पाणी अडवायचे, पहिल्या पावसाने मीठ धुऊन जाऊ द्यायचे आणि मग खारवट पाणी सोसणारे भात लावायचे. गोड्या शेतात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल येई; तो घराला डाळ देई आणि जमिनीला नत्र. खाडीतून चिंबोऱ्या, निवट्या, कोलंबी मिळत. उन्हात वाळवलेली सुकट पावसाळ्यात, ताजी मासळी दुर्मीळ झाली की, तांदळाच्या भाकरीसोबत ताटात येई. कणगीतले धान्य सरत आलेल्या त्याच दिवसांत डोंगरउतारावर शेवळं, टाकळा, कुरडू, कंटोळी उगवत. शेवळांत घसा खाजवणारे कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक असतात, म्हणून त्यांत काकडं ही आंबट रानफळे किंवा चिंच घालतात. ही पाककृती म्हणजे त्या डोंगराविषयीचे पिढीजात ज्ञानच आहे.

ही जमीन आधी एमआयडीसीच्या औद्योगिक पट्ट्यासाठी आणि १९७० मध्ये सिडको स्थापन झाल्यावर नव्या शहरासाठी संपादित होत गेली. मोबदला मोजला गेला तो सातबाऱ्यावरच्या क्षेत्राचा. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरणजवळच्या जासई परिसरात वाजवी मोबदल्यासाठी झालेल्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांचे प्राण गेले. पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा न्याय मिळाला. तो मोलाचाच होता. पण खाडी, डोंगर आणि गुरचरण यांतून ताटात येणाऱ्या अन्नाची किंमत त्यातही धरलेली नव्हती.

यावर कुणी म्हणेल की हे गरिबीचे उदात्तीकरण आहे. बांध फुटला की वर्ष बुडे, सावकार आणि खोत डोक्यावर असत; त्या जाचाविरुद्ध अलिबागजवळच्या चरीत १९३३ पासून सहा वर्षे शेतकऱ्यांनी संप केला. हे सारे खरे आहे. ते दिवस परत आणावेत असे कुणी म्हणणार नाही, आणि शिक्षण-नोकऱ्यांनी दिलेली मोकळीकही नाकारता येणार नाही. पण कष्टाची शेती सुटणे वेगळे आणि अन्नाचा सामायिक आधार हिरावला जाणे वेगळे. दुसरा आक्षेप असा की आता सगळे बाजारात मिळते. मिळते, पण ज्याच्या हातात पैसा आहे त्याला. खाडीत जाळे टाकणारे कोळी आणि पावसाळ्यात रानभाज्यांच्या जुड्या विकणाऱ्या आदिवासी बाया यांचे पोट आजही त्या पाण्यावर आणि उतारांवरच आहे.

तिसरा प्रश्न सर्वांत रास्त आहे: सांडपाणी मिसळणाऱ्या खाडीतले मासे खावेत का? म्हणूनच सांडपाण्यावरची प्रक्रिया हा अन्नाचाही प्रश्न ठरतो. ठाणे खाडीला २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा रामसर दर्जा मिळाला. फ्लेमिंगोंसाठी जपले जाणारे पाणी मासेमारीसाठीही जपले पाहिजे. पारसिकचे उरलेले उतार राखले पाहिजेत आणि पुढच्या कुठल्याही भूसंपादनात गावाच्या सामायिक अन्नस्रोतांची नोंद मोबदला ठरवण्याआधी झाली पाहिजे. जमीन कागदावर ज्यांच्या नावे असते तेवढ्यांनाच ती जगवत नाही. म्हणून तिची किंमत ठरवताना तिच्यावर जेवणाऱ्या सगळ्यांना मोजावे लागेल.