चित्रपटासोबत येणारा छोटा सुपरहिरो गेम : खेळावा की टाळावा?

नवा रायपूर : सुपरहिरोचा चित्रपट पाहून घरी परतलेल्या मुलाची पुढची मागणी बहुधा त्याच नायकाच्या व्हिडिओ गेमची असते. असा गेम अनेकदा चार-पाच तासांत, कधी तर काही मिनिटांतच संपतो. त्यासाठी पैसे आणि सुट्टीतला वेळ खर्च करावा का, हा प्रश्न पालकांप्रमाणेच तरुण खेळाडूंनाही पडतो. आजवरची उदाहरणे पाहता, गेम किती तासांत संपतो यापेक्षा तो इतका लहान का राहिला आणि विकत घेतल्यावर किती काळ चालेल, हे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे ठरतात.

घाईचे मूळ

मोठा गेम तयार करण्यास अनेकदा दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. चित्रपटाची तारीख मात्र आधीच ठरलेली असते आणि गेमची विक्री त्याच दिवसांत होणार असते. त्यामुळे वेळ अपुरा पडला की कथेचे टप्पे गाळले जातात किंवा एकाच प्रकारची मारामारी पुन्हा पुन्हा योजली जाते. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण सुपरहिरोपटाचे नसले, तरी बोलके आहे. ‘ई.टी.’ या चित्रपटावरील अटारी कंपनीचा 1982 मधील गेम नाताळच्या विक्रीसाठी सुमारे पाच आठवड्यांत तयार करण्यात आला. त्याच्या असंख्य प्रती विकल्याविना राहिल्या. अमेरिकेतील वाळवंटी भागात पुरलेल्या काही प्रती 2014 मधील उत्खननात सापडल्या.

भारतातील अनुभव

भारतात या प्रकाराचे ठळक उदाहरण ‘रा.वन’चे आहे. अनुभव सिन्हा दिग्दर्शित हा चित्रपट 26 ऑक्टोबर 2011 रोजी प्रदर्शित झाला. गेम तयार करणारा एक पिता मुलाच्या हट्टापायी अजिंक्य खलनायक घडवतो आणि तो खलनायक पडद्याबाहेर येतो, असे त्याचे कथानक. साहजिकच चित्रपटाच्या जोडीने प्लेस्टेशनसाठी गेम आला. मुंबईच्या यूटीव्ही इंडियागेम्सनेही ‘रा.वन जेनेसिस’ हा गेम आणला. चित्रपटाला विशेष दृश्य परिणामांसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, गेम मात्र चित्रपटाच्या प्रसिद्धीचा हंगाम सरल्यावर विस्मरणात गेला.

‘क्रिश 3’ हा चित्रपट 2013 मध्ये आला, तेव्हा त्यावरील गेम हैदराबादच्या गेमशास्त्र कंपनीने विंडोज 8 आणि विंडोज फोनसाठी तयार केला होता. पुढे विंडोज फोन बाजारातून हद्दपार झाले आणि विंडोज फोन 8.1 चे ॲप स्टोअर डिसेंबर 2019 मध्ये बंद झाले. अशा वेळी गेम चांगला होता की वाईट, ही चर्चाच निरर्थक ठरते; कारण तो चालवायचा कशावर, हाच प्रश्न उरतो.

लहान म्हणजे वाईट नव्हे

लांबी कमी असणे हा मात्र स्वतंत्र दोष नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 2020 मधील ‘राजी’ हा गेमही काही तासांतच संपतो. तो कोणत्याही चित्रपटावर आधारलेला नाही, तरीही भारतीय पुराणकथा आणि स्थापत्य यांच्या मांडणीमुळे त्याची देशाबाहेरही दखल घेतली गेली.

चित्रपटावर बेतलेल्या गेममध्येही एकच गोष्ट नेमकेपणाने साधली, तर खेळाडू ती विसरत नाही. ‘स्पायडर-मॅन 2’ या 2004 मधील गेमची कथा आज फारशी कुणाला आठवत नसेल. परंतु मॅनहॅटनच्या इमारतींना जाळे चिकटवून झोके घेण्याची त्यातील पद्धत आजही नावाजली जाते. ‘स्पायडर-मॅन : होमकमिंग’च्या वेळी, 2017 मध्ये, आभासी वास्तवाच्या उपकरणांसाठी काही मिनिटांचा अनुभव विनामूल्य देण्यात आला होता. त्यात जाळे फेकण्याची गंमत होती आणि त्याहून अधिक कशाचे आश्वासनही नव्हते.

विकत घेतलेला गेम राहतो कुठे?

नवा रायपूरमध्ये 2025 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. आजचे बहुतेक गेमही दुकानातील चकतीऐवजी अशाच दूरवरच्या सर्व्हरवरून ग्राहकापर्यंत पोहोचतात. सुपरहिरोचे हक्क मात्र गेम कंपनीकडे ठरावीक मुदतीपुरतेच असतात. मुदत संपली की विक्री थांबते. ॲक्टिव्हिजन कंपनीने मार्व्हलच्या पात्रांवरील आपले अनेक गेम 2014 च्या प्रारंभी ऑनलाइन विक्रीतून काढून घेतले, ते याच प्रकारे. ज्या गेमला सतत सर्व्हरशी जोडलेले राहावे लागते, तो सर्व्हर बंद होताच पैसे मोजलेल्या ग्राहकासाठीही संपतो.

निर्णय कसा घ्यावा?

प्रदर्शनाच्या आठवड्यातच पूर्ण किंमत मोजण्याची घाई करू नये. चित्रपटाची लाट ओसरली की किंमत अनेकदा उतरते आणि खेळाडूंची खरी मतेही समोर येतात. मात्र, हक्कांची मुदत संपण्याइतका उशीरही करू नये. एकाच नावाचा गेम निरनिराळ्या उपकरणांवर वेगळा असू शकतो. ‘स्पायडर-मॅन 2’ची संगणकावरील आवृत्ती प्लेस्टेशनवरील आवृत्तीपेक्षा बरीच सोपी आणि निराळी होती. त्यामुळे आपल्याच उपकरणावरील चित्रफीत पाहून निर्णय घ्यावा. स्टीमवर खरेदीनंतर 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. मोबाइलवरील विनामूल्य गेममध्ये पुढील टप्प्यांसाठी पैसे मागितले जातात का, हे पालकांनी आधी तपासावे.

विनामूल्य किंवा अल्प किमतीचा, जाळे्यांचे झोके अथवा उड्डाण यांसारखा एखादा आनंद नीट देणारा आणि इंटरनेटविना चालणारा छोटा गेम एका दुपारीपुरता अवश्य खेळावा. केवळ पोस्टरवरील चेहऱ्यासाठी मोठी रक्कम मागणारा गेम टाळणेच हिताचे. त्या पैशांत तो चित्रपट कुटुंबासह पुन्हा पाहता येईल.