मनगटाची दुखापत व सावड

बैलाचा खांदा सुजला असतां कोणीहि जाणता शेतकरी त्याच्या मानेवर जूं ठेवीत नाहीं. स्वतःच्या मनगटाविषयीं मात्र आपण इतका विचार करीत नाहीं.

ओल्या बांधावरून पाय घसरला म्हणजे मनुष्य हात पुढें टेकतो व देहाचा सर्व भार मनगटावर येतो. सूज थोडी आहे व बोटें हलतात, एवढ्यावरून हाड शाबूत असल्याचें समजून पुष्कळ जण दुसऱ्याच दिवशीं रुमणें धरतात. ही समजूत चुकीची होय.

मनगटांत आठ लहान हाडें असतात. त्यांपैकीं आंगठ्याच्या मुळाशीं असलेलें नौकाकृति हाड अशा पडण्यानें मोडण्याचा संभव असतो. त्यास रक्त मुख्यतः बोटांकडील बाजूनें मिळत असल्यामुळें तें सावकाश जुळतें. शिवाय पहिल्या क्ष-किरण चित्रांत त्याची चीर कित्येकदां दिसत नाहीं. म्हणून आंगठा ताणला असतां त्याच्या मुळाशीं जो खळगा पडतो, तेथें दाबून दुखत असल्यास डॉक्टर मनगट बांधून सुमारें दोन आठवड्यांनीं पुन्हां तपासतात. ही तपासणी चुकवूं नये. या हाडास प्लास्टर बहुधा आठ ते बारा आठवडे लागतें. तें न जुळल्यास मूठ कायमची अधू होण्याचें भय असतें.

आंगठी व कडें लगेच काढावें. मनगट चोळूं किंवा ओढूं देऊं नये. हात छातीहून उंच ठेवून बोटें हलवीत राहावें. बोटें निळीं, थंड वा बधिर झाल्यास तत्काळ दवाखाना गांठावा.

परंतु पेरणी थांबत नाहीं, आणि मदत मागण्यास कर्त्या मनुष्यास संकोच वाटतो. आम्हांस असें विचारावेंसें वाटतें कीं, सावड व इर्जिक या चाली मग कशासाठीं आहेत? आपल्या बैलांनीं शेजाऱ्याचें रान पेरलें असेल, तर त्यानें आपलें पेरणें हा उपकार नसून फेड आहे. आज फेड नसेल, तर पुढील हंगामीं आपण ती करावी. नांगर, पाभर, धार व ओझें दुसऱ्यांकडे सोंपवावें. हिशेब व देखरेख आपल्याकडे ठेवावी. मात्र हा सर्व भार मुकाट्यानें घरच्या स्त्रियांवर पडूं देऊं नये. त्यांचें मनगट दुखावल्यास खुरपणी, दळण व भाकरी यांची सोय पुरुषांनींच केली पाहिजे.

प्लास्टर निघाल्यावरहि मुठीचा जोर परतण्यास कित्येक महिने लागतात. एक हंगाम दुसऱ्याच्या हातानें पिकला तरी चालेल. पुढील सर्व हंगामांस आपला हात शाबूत हवा.