आपला अर्ज आपल्या हाताने

गेल्या वर्षीच्या श्रावणातली गोष्ट. आमच्या शेजारची सूनबाई संध्याकाळी दाराशी आली. हातात वाटी असती तर साखर हवी आहे हे मी ओळखले असते; पण हातात होता कागद. तो माझ्यापुढे धरून ती नुसतीच उभी राहिली. मी चष्मा लावून वाचू लागले. नोकरीचा अर्ज होता. नाव तिचे, शिक्षण तिचे, पत्ता तिचा. फोनचा नंबर मात्र कुणा भलत्याच माणसाचा!

घडले होते ते असे. सूनबाई बी.कॉम. झालेली. लग्नाआधी आणि नंतर मिळून चार वर्षे तिने हिशेबाचे काम केलेले. मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली. ती मुलगी आता बारावीला गेली, क्लासची फी आ वासून उभी राहिली, आणि त्यातच यजमानांच्या पगाराला कात्री लागली. तेव्हा तिने पुन्हा नोकरी करायचे ठरवले आणि अर्ज करून घ्यायला नाक्यावरचे दुकान गाठले. दुकानातल्या मुलाने आधीच्या कुणाची तरी फाईल उघडली, नाव बदलले, शिक्षण बदलले, पत्ता बदलला, आणि नंबर बदलायचा राहिला. तो कागद नऊ ठिकाणी गेला. दोन महिने ही बिचारी फोनकडे डोळे लावून बसली.

"कुणालाच मी नको असेन असे वाटायला लागले होते हो, काकू," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मला त्या मुलाचा राग आला नाही. दिवसभर दुसऱ्यांचे अर्ज करणाऱ्याचे लक्ष एखाद्या ओळीवरून सुटायचेच. मला वाईट वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. स्वतःच्या पोटापाण्याचा कागद ही शिकलेली बाई काउंटरच्या अलीकडे उभी राहून, दुसऱ्याच्या पडद्याकडे लांबून बघत करून घेत होती. पूर्वी ज्यांना लिहिता येत नसे ते पोस्टाबाहेर बसलेल्या लेखनिकाकडून पत्र लिहवून घेत. आपण पदवीधर झालो आणि पुन्हा त्याच पायरीवर येऊन बसलो, असे मला वाटले. "रविवारी दहाला ये," मी तिला म्हटले. तेव्हापासून आमच्या बाहेरच्या खोलीत दर रविवारी शाळा भरते. पुतण्याने टाकून दिलेला एक लॅपटॉप ही शाळेची सामग्री. विद्यार्थी चार: सूनबाई, वॉचमनचा भाचा, निवृत्त झालेले एक बँकवाले आजोबा, आणि त्यांच्यावर नजर ठेवायला येऊन स्वतःच शिकू लागलेल्या त्यांच्या सौभाग्यवती!

चूक करण्याचा धडा

मी स्वतः टाईपरायटरच्या जमान्यातली. गोदरेजने भारतीय बनावटीचा पहिला टाईपरायटर १९५५ साली केला. मी गिरगावातल्या क्लासात बोटे झिजवायला बसले ती १९७४ साली. ए-एस-डी-एफ करता करता करंगळी दुखून यायची. पुढे ऑफिसात एका पत्राच्या पाच-पाच प्रती कार्बन घालून काढायच्या. शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकले तर पाचही कागदांवर जपून खोडरबर चालवायचे, नाहीतर सगळे फाडून पुन्हा पहिल्यापासून. त्यामुळे आमच्या पिढीच्या हाडात चुकीची भीती मुरलेली आहे.

कॉम्प्युटरवर लिहिताना नेमकी हीच भीती आधी काढावी लागते. इथे मजकूर निराळा आणि कागद निराळा. मजकूर तयार होतो, दहादा बदलतो, आणि अगदी शेवटी वाटलेच तर कागदावर उतरतो. म्हणून माझा पहिला धडा अचूक लिहिण्याचा नसतो. "आपल्या घराविषयी दहा ओळी लिहा, आणि जमतील तेवढ्या चुका करा," असे मी सांगते. मग कंट्रोलचे बटन दाबून धरायचे आणि झेड दाबायचा. केलेली शेवटची गोष्ट रद्द! पुन्हा झेड, त्याच्या आधीचीही रद्द! आजोबांनी हा प्रयोग सात वेळा केला आणि म्हणाले, "बँकेत चाळीस वर्षांत ही सोय असती तर माझे केस पांढरे झाले नसते."

त्याच दिवशी सेव्ह करणे शिकायचे. कंट्रोल आणि एस. मजकूर संपल्यावर नव्हे, पहिली ओळ लिहून झाल्यावर. फाईलला नाव द्यायचे ते दुसऱ्याला कळेल असे. 'अर्ज', 'अर्ज नवा', 'अर्ज शेवटचा', 'अर्ज खरोखर शेवटचा' अशी नावे दिली की महिन्याभराने खुद्द आपल्यालाच त्यातला खरा कोणता ते सापडत नाही. आपले नाव, कामाचे नाव आणि तारीख एवढे पुरते.

दुसऱ्या रविवारी मजकूर उचलून हलवायचा. यासाठी मी चकलीची कृती मुद्दाम उलटसुलट लिहून ठेवते: आधी तळा, मग धान्ये भाजा, मग सोऱ्यात पीठ भरा, मग दळून आणा. ओळ निवडायची, कंट्रोल-एक्सने कापायची, योग्य जागी नेऊन कंट्रोल-व्हीने चिकटवायची. चकल्या तळायच्या आधी पीठ मळले गेले की धडा पास.

एंटर आणि मोकळी जागा

तिसरा रविवार सगळ्यात कठीण, कारण त्यात सवयी मोडायच्या असतात. नवखा माणूस प्रत्येक ओळ संपली की एंटर मारतो, आणि तारीख उजवीकडे न्यायची तर मोकळ्या जागेची लांब पट्टी चाळीस वेळा दाबतो. पडद्यावर सगळे छान दिसते. पण मध्ये एक शब्द वाढवा, की ओळी तुटतात, तारीख खाली घसरते, आणि अर्जाची अवस्था पावसात भिजलेल्या रांगोळीसारखी होते. ओळ प्रोग्राम आपण होऊन मोडतो. एंटर फक्त परिच्छेद संपल्यावर. तारीख उजवीकडे हवी तर ती ओळ उजवीकडे लावण्याचे बटन आहे. दोन रकाने हवेत तर टेबल घालावे.

आपण काय करून ठेवले आहे हे बघायचे असेल तर वर उलट्या इंग्रजी 'पी'सारखी खूण असलेले बटन असते. ते दाबले की दडलेले सगळे उघडे पडते: प्रत्येक मोकळ्या जागेचा एक ठिपका, प्रत्येक एंटरची एक खूण. सूनबाईने दुकानातून आणलेली आपली फाईल अशी उघडली तेव्हा पडदाभर ठिपकेच ठिपके! "अगंबाई, ही तर खसखस सांडलीय!" ती म्हणाली. कागदाचा आकारही तेव्हाच पाहून घ्यावा. आपल्याकडचा कागद ए-फोर, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. प्रोग्राममध्ये अमेरिकेतला 'लेटर' आकार निवडलेला असला, तर छापताना कडेची ओळ हमखास दगा देते.

मराठीचा धडा चौथा. आमच्या मराठी टाईपरायटरवर 'कि' लिहायचे तर वेलांटी आधी आणि 'क' मागून मारावा लागे. इन्स्क्रिप्ट नावाच्या मांडणीत आपण बोलतो तसेच लिहायचे: आधी 'क', मग वेलांटी. स्वरांच्या खुणा डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला. पंधरा दिवसांत बोटांना वळण लागते. ज्यांना तेवढा धीर नाही त्यांनी इंग्रजी अक्षरांतून मराठी उमटवणारी सोय वापरावी; तीही वाईट नाही. मात्र मजकूर युनिकोडमध्येच असावा. जुन्या धाटणीच्या फाँटमध्ये लिहिलेले पत्र त्या फाँटशिवायच्या कॉम्प्युटरवर उघडले की त्याची अगम्य बाराखडी होते, आणि वाचणारा ते बाजूला सारतो.

इथे एक खुलासा करते. सरकारी लिपिक-टंकलेखकाच्या जागेसाठी मिनिटाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्दांचे प्रमाणपत्र लागते. त्यासाठी रीतसर क्लासच लावायला हवा. पण आपला अर्ज आपण करायला वेग लागत नाही. दोन बोटांनी, कासवाच्या गतीने केलेला अर्जही अर्जच असतो.

हा बायोडाटा कोणता?

पाचव्या रविवारी अर्जाला हात घातला. मी म्हटले, "आपापली माहिती लिहून आणा." वॉचमनच्या भाच्याने आणली त्यात सर्वांत वर गणपतीचे नाव, मग जन्मवेळ, उंची, वर्ण, आणि शेवटी दोन्ही मामांची नावे गावांसह! घरात थोरल्या भावाच्या लग्नासाठी केलेली फाईल होती, तीच त्याने समोर ठेवून उतरवली होती. आम्ही पोटभर हसलो, तोही हसला. पण चूक त्याची नव्हती. बायोडाटा म्हणून घरात एवढाच कागद त्याने पाहिला होता.

नोकरी देणाऱ्याला आपले मामा नको असतात. त्याला हवे असते ते असे: नाव, फोन, ई-मेल, आपण कोणते काम करू शकतो ते दोन ओळींत, केलेली कामे, सर्वांत अलीकडचे सर्वांत वर, मग शिक्षण. नवख्याला एक पान पुरते, अनुभवी माणसाला दोन. 'कष्टाळू, प्रामाणिक' असे लिहून कुणाची खात्री पटत नाही. 'तीन वर्षे रोजचा रोकड हिशेब ठेवला' असे लिहिले तर पटते. सूनबाईचा प्रश्न मधल्या रिकाम्या वर्षांचा होता. ती वर्षे लपवायला ती अधीर झाली होती. मी विचारले, "या वर्षांत तू काय केलेस?" बरेच विचारल्यावर निघाले, की सोसायटीची वर्गणी, पावत्या आणि वर्षअखेरचा ताळा पाच वर्षे तीच ठेवत आली आहे. नाव सेक्रेटरींचे, काम हिचे! ती ओळ आम्ही ठळक अक्षरांत घातली.

लिहून झाले की मोठ्याने वाचायचे. फोनचा नंबर एकेक आकडा बोलून ताडायचा. मग फाईल पीडीएफ करून पाठवायची, म्हणजे तिकडे उघडताना मांडणी हलत नाही. मूळ फाईल मात्र जपून ठेवायची; पुढच्या अर्जात बदल तिच्यातच करायचे असतात. दुकानातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर काम केले असेल तर आपली फाईल पुसून, ई-मेलमधून बाहेर पडून मगच उठावे.

आता तर विचारताक्षणी अख्खा अर्ज लिहून देणारे प्रोग्रामही निघाले आहेत. त्यांची मदत खुशाल घ्यावी. पण आपण न केलेले काम आपल्या नावावर चढले आहे का, हे आपणच वाचून पाहावे लागते; मुलाखतीला त्या प्रोग्रामला कुणी बोलावत नाही.

अर्जापुरती शिकलेली विद्या मग घरभर पसरते. बँकेला पत्ता बदलल्याचे पत्र, सोसायटीला गळतीची तक्रार, शाळेला रजेची चिठ्ठी. एकदा लिहून ठेवले की पुढच्या वेळी तारीख आणि दोन ओळी बदलल्या की झाले. आजोबांच्या सौभाग्यवतींनी सासूबाईंच्या वहीतल्या पाककृती उतरवायला घेतल्या आहेत. फक्त एक ध्यानात ठेवावे. सुबक छापलेला प्रत्येक कागद कायद्याने पक्का होत नाही. जागा भाड्याने देण्याचा करार महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो. तिथे जाणत्याचा सल्ला घ्यावा.

हात पाठीमागे

हे सगळे शिकवताना मी एक नियम पाळते, आणि तो सर्वांत अवघड आहे. शिकवणाऱ्याने माऊसला हात लावायचा नाही. घरोघर काय होते? आई कॉम्प्युटरपुढे बसते, चाचपडते, आणि चिरंजीव म्हणतात, "दे इकडे, मी करतो." क्षणात काम होते, पण आई काही शिकत नाही. उलट 'हे आपल्याला जमायचे नाही' एवढे मात्र पक्के शिकते. मी हात पाठीमागे धरून उभी राहते. जीभसुद्धा आवरावी लागते!

सूनबाईने गणपतीनंतर अर्ज पुन्हा पाठवले. आठवड्याने ती धावत आली. "काकू, फोन आला!" मी विचारले, "कधी बोलावलेय?" तर म्हणाली, "बोलावले नाही. जागा भरली म्हणाले. पण नकार का होईना, तो माझ्या नंबरवर आला!" आणि ती चक्क हसत होती. पुढे आणखी एक नकार आला. तिसऱ्या ठिकाणी, एका दवाखान्याच्या ऑफिसात, तिला कॉम्प्युटरपुढे बसवून एका पत्राचे उत्तर तिथल्या तिथे लिहायला सांगितले. तिने पहिली ओळ लिहिली, कंट्रोल-एस दाबले, आणि बाकीचे सावकाश पुरे केले. दिवाळीनंतर ती तिथे रुजू झाली.

तेव्हा यंदा फराळाचे डबे भरून झाले, पाहुणे गेले, की घरातल्या एखाद्या 'मला नाही बाई जमत' म्हणणाऱ्या माणसाला कॉम्प्युटरपुढे बसवा. एक पान, स्वतःविषयी, स्वतःच्या बोटांनी लिहू द्या. आणि तुम्ही? तुम्ही हात पाठीमागे धरून उभे राहा. फार तर अधूनमधून त्यांच्या तोंडात एखादी चकली भरवा!