बारकोड, पळवाटा आणि रुग्णसुरक्षा

रुग्णाच्या मनगटपट्टीवरील व औषधावरील बारकोड यंत्राने वाचावयाचा आणि मेळ बसला तरच औषध द्यावयाचे, ही पद्धती निर्दोष भासते. अमेरिकेतील पाच रुग्णालयांत तिचा अभ्यास रॉस कॉपेल व सहकाऱ्यांनी २००८ साली प्रसिद्ध केला. त्यात परिचारिकांनी शोधलेल्या पळवाटांचे १५ प्रकार आढळले. रुग्णाच्या बारकोडची जादा प्रत दाराच्या चौकटीवर चिकटविणे हा त्यांतलाच एक. यास आळस म्हणणे सोपे होते. परंतु अभ्यासकांनी ३१ कारणे नोंदविली : पट्टी भिजलेली, वेष्टन चुरगळलेले, यंत्राची बॅटरी उतरलेली.

प्रमुखाचे खरे काम, आमच्या मते, येथे सुरू होते. शिक्षा केल्यास पळवाट लपते. कारण विचारल्यास निदान बॅटरी तरी बदलता येते.

आपल्या औषधालयांतही संगणकावर ‘चंद्र’ टंकताच चंद्रप्रभा वटी व चंद्रकला रस एकाखाली एक दिसू शकतात. एकात पारद आहे, दुसऱ्यात नाही. चुकीची डबी परत आल्यास ती मुकाट्याने बदलून देण्याचीच आपली रीत! त्याऐवजी तारीख व कारण वहीत लिहावे, आणि महिन्यातून एकदा मालकासह सर्वांनी ती वही वाचावी.