माळ्यावरचा जुना मोडेम

ज्यांच्या घरी पूर्वी दूरध्वनीच्या तारेवरून इंटरनेट येत असे आणि आता काचेच्या तंतूवरून येते, अशा बहुतेक घरांच्या माळ्यावर एक पेटी पडून असते. वर एक-दोन एरियलच्या काड्या, पुढे बारीक दिव्यांची ओळ, मागे चार-पाच भोके. नवी जोडणी झाली त्या दिवशी तिला निरोप मिळाला. बिघडलेली नाही म्हणून टाकवत नाही, आणि कामाची नाही म्हणून लावीत नाही. ती खरोखरच कामाची नाही काय, एवढाच आजच्या बोलण्याचा विषय.

मला हा विचार करावा लागला तो गरजेपोटी. आमचे घर बारदेशातील जुन्या धाटणीचे. भिंती चिऱ्यांच्या, दीड-दीड फूट जाडीच्या. नवी पेटी बसविली आहे दिवाणखान्यात, आणि बहिणीची मुलगी अभ्यासाला बसते मागच्या खोलीत. मध्ये अशा तीन भिंती. ती प्रवेशपरीक्षेची तयारी करते. सरावाच्या परीक्षा तीन-तीन तासांच्या आणि साऱ्या इंटरनेटवरून. दुसरा तास सरत आला की जोडणी तुटावयाची आणि पेपर अपुरा म्हणून नोंदला जावयाचा. "मावशी, उत्तरे सगळी दिली होती गं, पण पोचलीच नाहीत," असे ती एका संध्याकाळी रडवेल्या तोंडाने म्हणाली. दुकानदाराने काही हजारांची नवी साधने सुचविली. ती घेण्यापूर्वी मी माळ्यावर चढले.

ही पेटी म्हणजे एक यंत्र नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावयास हवे. एकाच आवरणात चार कामकरी बसविलेले असतात. पहिला मोडेम. आपल्या देशात २००५ सालापासून दूरध्वनीच्या तांब्याच्या तारांवरून घरोघरी ब्रॉडबँड येऊ लागले. त्या तारेत माणसाचा आवाज खालच्या कंपनसंख्येवर आणि इंटरनेटचा मजकूर वरच्या कंपनसंख्येवर, असे दोन प्रवाह एकमेकांना न शिवता वाहत. वरचा प्रवाह उकलून संगणकाला समजेल असा करावयाचा, हे मोडेमचे काम. दुसरा कामकरी राउटर. बाहेरचे एक दार आणि घरातली अनेक यंत्रे यांच्यामधला द्वारपाल. तिसरा स्विच, म्हणजे मागची चार भोके, ज्यांतून घरातली यंत्रे केबलीने एकमेकांशी जोडता येतात. चौथा वाय-फायचा बिनतारी प्रक्षेपक-ग्राहक.

काचेचा तंतू आला तेव्हा निकामी झाला तो फक्त पहिला. दुसऱ्याचे काम आता नवी पेटी करते. तिसरा आणि चौथा मात्र धडधाकट आहेत, आणि आमच्या मागच्या खोलीला हवे होते ते नेमके हेच दोघे. तेव्हा योजना सरळ आहे. नव्या पेटीपासून एक केबल मागच्या खोलीपर्यंत न्यावयाची, तिच्या टोकाला जुनी पेटी लावावयाची, आणि भिंती ओलांडण्याचे काम लहरींऐवजी तारेकडे सोपवावयाचे. तारेला चिऱ्याची भिंत अडवीत नाही. लहरींना ती अडवते; आणि चिरा पाणी पितो, भिजलेल्या भिंतीत लहरी अधिक शोषल्या जातात, हे आमच्याकडच्या पावसाळ्यात ध्यानात ठेवावे. लहरींवरच चालणारा रिपीटर बाजारात मिळतो खरा. पण साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग निम्म्यावर येतो. शिवाय तो ठेवावा लागतो जेथे आधीच लहरी पोचतात तेथे. तारेची सर त्याला नाही.

मात्र जुनी पेटी तशीच नेऊन जोडली तर घोटाळा होतो. तिला अजून वाटते की घरची कर्ती आपणच. ही समजूत काढून टाकणे हेच या कामाचे मर्म.

प्रथम पेटी एकटीच ठेवून तिला वीज द्यावी. नव्या पेटीशी अद्याप जोडू नये. वीज देणारा अडॅप्टर तिचाच हवा. दुसरा लावायचा तर व्होल्टचा आकडा आणि टोकाची ध्रुवता तीच पाहिजे, अँपिअरचा आकडा कमी नसावा. मागे रिसेट लिहिलेले बारीक छिद्र असते. त्यात काडी घालून दिवे एकदम लुकलुकेपर्यंत दाबून धरली की पेटी पूर्वीचे सारे विसरते. मग एका केबलीने ती संगणकाला जोडावी आणि ब्राउझरमध्ये तिचा पत्ता लिहावा. हा पत्ता, तसेच आत शिरण्याचे नाव व परवलीचा शब्द, बहुधा पेटीच्या पोटावरच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पुष्कळ पेट्यांचा पत्ता १९२.१६८.१.१ असा असतो.

आत गेल्यावर वाय-फायचे नाव आणि परवलीचा शब्द ठरवावा, आणि सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-२ निवडावा. येथे एक गोष्ट निक्षून सांगते. पेटी इतकी जुनी असेल की तिला डब्ल्यूईपी हा एकच प्रकार येतो, तर हा खटाटोप सोडून द्यावा. ते कुलूप फोडावयास जाणत्याला काही मिनिटे पुरतात. पेटीच्या आत शिरण्याचा मूळचा शब्दही बदलावा. तो साऱ्या जगाला पाठ असतो.

मग पत्ता. नव्या पेटीचाही पत्ता १९२.१६८.१.१ असेल तर एका गल्लीत एकाच क्रमांकाची दोन घरे होतील. म्हणून जुनीला वेगळा पत्ता द्यावा. पहिले तीन आकडे नव्या पेटीप्रमाणेच ठेवावे आणि शेवटचा बदलावा, परंतु तो नवी पेटी इतर यंत्रांना वाटते त्या आकड्यांपैकी नसावा. नव्या पेटीची ही वाटपाची मर्यादा तिच्या पानावर दिलेली असते. ती १०० ते २०० असेल, तर जुनीला १९२.१६८.१.२५० हा पत्ता चालेल.

आणि शेवटी ते, जे मी विसरले. घरात एखादे यंत्र आले की त्याला पत्ता देण्याचे काम पेटीतील एक व्यवस्था करते; तिला डीएचसीपी म्हणतात. वर्गात नवा विद्यार्थी आला की शिक्षक त्याला हजेरीचा क्रमांक देतो, तसेच हे. पण एका वर्गात दोन शिक्षक आपापली हजेरी घेऊन उभे राहिले तर? मी जुन्या पेटीतील ही व्यवस्था बंद केली नाही. परिणाम असा की घरातील काही फोन नव्या पेटीकडून पत्ता घेत आणि ठीक चालत. काही जुनीकडून घेत, आणि ती बिचारी त्यांना सांगे की बाहेर जाण्याचे दार माझ्यापाशी आहे. तिच्यापाशी दार होतेच कुठे! वाय-फायच्या रेघा पूर्ण, पण एकही पान उघडत नाही, असे दोन दिवस चालले. मी कंपनीकडे तक्रार केली, त्यांचा माणूस येऊन सारे ठीक असल्याचे सांगून गेला, आणि मी त्याच्यावर उगाच रागावले. तिसऱ्या दिवशी डीएचसीपीची खूण काढली आणि घर शांत झाले.

आता जोडणी. केबलीचे एक टोक नव्या पेटीच्या लॅन भोकात आणि दुसरे टोक जुनीच्याही लॅन भोकातच घालावे. दूरध्वनीच्या तारेचे निमुळते भोक रिकामेच राहील. काही पेट्यांना वॅन असे वेगळे भोक असते. त्याचा मोह टाळावा, कारण तेथे जोडले की राउटर पुन्हा जागा होतो. केबल शंभर मीटरपर्यंत चालते. घराला तेवढी लागत नाही. ती घराच्या आतून न्यावी. बाहेरून, कौलांच्या कडेने नेली तर पावसाच्या तोंडावरच्या विजांचा धोका असतो. जुन्या काळी दूरध्वनीच्या तारेतून वीज येऊन किती मोडेम जळाले, ते ज्यांना आठवत असेल त्यांना अधिक सांगणे नको.

दोन्ही पेट्यांच्या लहरी एकमेकींत मिसळू नयेत म्हणून चॅनेल निरनिराळे ठेवावे. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन एकमेकांवर चढत नाहीत; एकीला १ दिला तर दुसरीला ६ अगर ११ द्यावा. वाय-फायचे नाव सुरुवातीस वेगळे ठेवलेले बरे. आपण कोणत्या पेटीवर आहोत ते कळते. सारे सुरळीत झाल्यावर दोहोंना एकच नाव व एकच शब्द दिला तरी चालतो.

या पेटीकडून नव्याची अपेक्षा करू नये. तिच्या भोकांतून सेकंदाला १०० मेगाबिटांहून अधिक जात नाही, आणि लहरींवर त्याहून पुष्कळ कमी हाती लागते. पण परीक्षेच्या पानाला किंवा समोरासमोरच्या वर्गाला दोन-चार मेगाबिट पुरतात. तेथे वेगापेक्षा सातत्य मोलाचे. विजेचा खर्च म्हणाल तर सहा वॅटची पेटी अहोरात्र चालली तरी महिन्याला साडेचार युनिटांच्या आत राहते. पेटी खरोखरच मेली असेल तर तिला कचऱ्याच्या डब्यात न टाकता इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्याकडे द्यावी.

आमच्या मागच्या खोलीत ती आता पुस्तकांच्या फळीवर बसली आहे. मुलीने परवा तीन तासांचा पेपर पुरा करून पाठविला. गुण किती मिळाले ते तिने मला अजून सांगितलेले नाही. पेटीच्या पोटावर मी एक कागद चिकटविला आहे आणि त्यावर तिचा नवा पत्ता व "डीएचसीपी बंद" असे ठळक लिहिले आहे, कारण दोन वर्षांनी पुन्हा काही बदलावयाचे झाले तर जुना छापील पत्ता लिहून मीच तासभर बसेन.